भिंतीतल्या गुळण्या

"भिंतीत कोणीतरी गुळण्या करतंय!" सकाळपासून बाबांनी घर डोक्यावर घेतलं होतं. शेवटी सुनेने एसीच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने एसीखालचा छोटा पंप उघडला आणि त्यात पेलाभर पाणी ओतलं. गुडगुड करत पंपाने ते बाहेर फेकलं.

"बाबा, पंप ठणठणीत आहे. एसीत साठलेलं पाणी बाहेर टाकतो. बसवल्यापासून असाच वाजत असणार."

"मग मला आजच कसा ऐकू आला?" बाबा खेकसले.

सून हसू दाबत म्हणाली, "कानाचं मशीन कालच नाही का घेतलं!"

बाबांचा हात कानाकडे गेला. "अगं हो की! ओत रे, आणखी एक पेला ओत!" पंप पुन्हा गुडगुडला आणि बाबांनी टाळीच वाजवली. मग त्यांनी नळ सोडला, पंखा लावला, ताटावर चमचा वाजवला आणि खदखदून हसत घरभर फिरले.

स्वयंपाकघरात सासूबाई सुनेच्या कानाशी लागल्या. "मेलं, आता ह्यांच्याबद्दल बोलायचं तरी कुठे गं?"

"ऐकलं!" बाहेरून बाबा आनंदाने ओरडले. "शब्द न् शब्द ऐकला!"