दोन नळ्या

"अजून किती घासशील? कातडी उतरेल हातांची," डोरीन म्हणाली, बाहेर बसलेल्या पेशंटनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

मारिबेलनं नळ बंद केला नाही. "एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना धुवायलाच हवेत ना?"

"मग ग्लोव्ह्ज कशाला दिलेत? शोभेला?"

टोलेडोच्या त्या क्लिनिकमध्ये डोरीन सगळ्यांत जुनी असिस्टंट. हात ती सवड मिळाली तर धुवायची. कोर्स करून नुकत्याच आलेल्या या पोरीची मात्र तिला किळस यायची. लालभडक, भेगाळलेले हात, आणि वर हा सोवळेपणा! जेवणाच्या खोलीत ती मारिबेलच्या हात धुण्याची नक्कल करायची आणि सगळे खो खो हसायचे.

मग पेशंटच्या जखमा चिघळू लागल्या. एका म्हाताऱ्याचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला, तेव्हा हसणं थांबलं.

संसर्गाचा तपास करायला मुख्य नर्स मिसेस कोवाल्स्की आल्या. त्यांनी दोघींच्या हातांवरून कापसाच्या काड्या फिरवल्या, दोन नळ्यांत घातल्या, वर नावं चिकटवली.

"ड्रेसिंग करणाऱ्या तुम्ही दोघीच. जिच्या हातांवर तो जंतू निघेल, तिला पेशंटना हात लावता येणार नाही."

लॅबचा माणूस यायचा होता. तोवर नळ्या टेबलावरच होत्या. त्या म्हाताऱ्याचं ड्रेसिंग दोघी आळीपाळीनं करायच्या. पण आपण त्याआधी कधी हात धुतल्याचं डोरीनला काही केल्या आठवेना. खोलीत कुणी नाही असं पाहून तिनं दोन्ही नावं अलगद सोलली आणि अदलाबदल करून चिकटवली.

'नाहीतरी ही नाजूक बाहुली इथं टिकणार नव्हतीच,' तिनं स्वतःची समजूत घातली.

रिपोर्ट आल्यावर मिसेस कोवाल्स्कींनी दोघींना बोलावलं. डोरीननं आधीच चेहरा दुःखी करून ठेवला होता.

"एकीचे हात अगदी स्वच्छ निघाले. दुसरीच्या हातांवर तोच जंतू सापडला. वाईट वाटतं, डोरीन. तुमच्या नळीत."

"माझ्या? शक्यच नाही! ती नळी तर..."

"ती नळी तर काय?"

डोरीननं मारिबेलच्या भेगाळलेल्या हातांकडे पाहिलं. जंतू त्या भेगांत दडला होता, पण ते सांगायचं तर नावांची अदलाबदलही कबूल करावी लागणार होती. मग मान खाली घातली. "काही नाही."

"मग उद्यापासून तुम्ही फोन घ्यायचे. आणि मारिबेल, सगळ्या जखमांचं ड्रेसिंग आता तू एकटीनं करायचं."