कुरडईचा चीक

पुण्याच्या बियर कारखान्यातली नोकरी नयनदादाला एका अटीवर मिळणार होती: बेल्जियममध्ये करतात तशी गव्हाची बियर स्वतः करून आणायची. आई कळंबला लग्नाला गेल्याचं पाहून त्यानं गहू भरडले, माल्टसोबत गरम पाण्यात मुरवले, गाळलेलं पाणी कुटलेले धने अन् संत्र्याची साल टाकून उकळलं, निवल्यावर यीस्ट घातलं आणि कॅन मागच्या खोलीत लपवली. राखणीला धाकटी बहीण दिपाली.

आई, म्हणजे विमलताई, गावच्या दारूबंदी कमिटीच्या अध्यक्ष. परत आल्या त्या अख्खी कमिटी घेऊनच. बैठक रंगात आली आणि मागून बुडबुड ऐकू आली.

"काय वाजून राह्यलं व ते?" विमलताईंनी विचारलं.

"कुरडईचा चीक आंबून राह्यला!" दिपाली इतकं ठणकावून बोलली, की तिचं तिलाच पटलं.

विमलताईंनी कमिटीतल्या पंचफुलाआजीकडे पाहिलं. गावातली दारूची प्रत्येक भट्टी आजीच्याच नाकानं सापडली होती. आजी उठली, झाकण उघडलं, हुंगलं. नयनदादा भिंतीला टेकला.

"गहू हाये," आजी म्हणाली. "धने हायेत. संत्र्याची सालबी हाये." पुन्हा एकदा, जरा निवांत हुंगलं. "चीकच हाये, विमल."

बैठक पुढे चालू झाली. उरलेल्या भट्ट्या फोडायचा ठराव पंचफुलाआजीनंच मांडला.

निघताना ती दिपालीच्या कानाशी वाकली.

"पोरी, माह्यासाठी गिलासभर चीकच ठेवजो. कुरडया काही माह्यानं चावल्या जात नाही."