हेमलताबाईंचा आवाज

टॉवरमध्ये हेमलता साबळे आता नुसत्या देखरेखीला बसत. विमानांना उतरायची परवानगी यंत्रणाच देई, पण हेमलताबाईंच्या आवाजात. वैमानिकांना ओळखीचा आवाज बरा वाटतो, म्हणून त्यांची वीस वर्षांची रेकॉर्डिंग्ज तिला शिकवली होती. परवानगी मिळाल्यावर स्वतःच्या मर्जीनं परत वर जायची मुभा वैमानिकांना उरली नव्हती, कारण मागे दर मिनिटाला एक विमान असे.

"उतरायला परवानगी आहे. सावकाश या," यंत्रणेनं कॅप्टन अरगड्यांना सांगितलं.

तेवढ्यात धुकं जरा हललं आणि धावपट्टीवर बंद पडलेली, पक्षी हाकलायची जीप बाईंना दिसली. यंत्रणेला ती दिसत नव्हती. त्यांनी माइक ओढला.

"उतरू नका, कॅप्टन. खाली जीप आहे. वर जा."

"मॅडम, तुम्ही दोन्ही सांगताय," अरगडे म्हणाले. "मला धुक्यात काही दिसत नाही. नक्की काय करू?"

गोंधळलेल्या वैमानिकाला हेमलताबाई वीस वर्षं ज्या मायेनं धीर देत आल्या होत्या, त्याच मायेनं त्यांचा आवाज त्यांच्या आधी बोलला.

"मी हेमलता बोलतेय, कॅप्टन. धावपट्टी मोकळी आहे. सावकाश या."

"बरं, मॅडम," अरगडे म्हणाले.