तू बसली का बंद पडते

बडनेरा मागे पडलं आणि गाडीने पहिली उचकी दिली. मग दुसरी, तिसरी. मूर्तिजापूरच्या अलीकडे, जिथे सावलीला एक बाभूळसुद्धा नाही, नेमकी तिथेच खुशालरावांची जुनी मारुती गप्प झाली.

खुशालरावांनी स्टिअरिंगवर मूठ आपटली. "पाह्य! मी म्हनत होतो ना? तू बसली का बंद पडते!"

मागच्या सीटवर दुर्गाबाई भाकरी आणि आंबाडीच्या भाजीचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. अकोल्याला त्यांची लेक पौर्णिमा आठव्या महिन्यात होती. डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलं होतं. आणि खुशालरावांनी आज निघतानाच बजावलं होतं, की गाडी पुन्हा बंद पडली तर बाळंतपण होईपर्यंत डबा ते एकटे नेतील, दुर्गाबाईंनी अमरावतीतच बसायचं.

खुशालरावांची हयात एसटीच्या वर्कशॉपात गेली होती. नुसत्या आवाजावरून गिअरबॉक्सचं दुखणं ओळखणारा माणूस तो, आणि घरच्याच गाडीने त्याचं नाक कापलं होतं. कॉइल बदलली. पंप बदलला. कार्बोरेटर खोलून पुन्हा बसवला. थंड गाडी एका चावीत सुरू व्हायची, तापली की मरायची, आणि थोडा वेळ थांबलं की पुन्हा जिवंत. म्हणजे उष्णताच, दुसरं काय? वऱ्हाडात माणूस असो की मशीन, काहीही बिघडलं की दोष उन्हाचा. पण एकटे तिवशाला जाऊन आले की हीच गाडी तक्रार करत नसे. म्हणजे राहिला बायकोचा पायगुण.

त्यांनी बॉनेट उघडलं, गळ्यातला दुपट्टा भिजवून पंपावर टाकला आणि उन्हात उभे राहिले. शरमेने त्यांचा जीव नुसता जळत होता. बाजूने जाणारा ट्रकवाला हसल्यासारखा वाटला, तशी त्यालाही त्यांनी एक शिवी हासडली.

"लवकर पोहोचू ना जी?" दुर्गाबाईंनी हळूच विचारलं. "पोरगी वाट पाहून राहिली असंन."

"तू तं बोलूच नको!"

आज मात्र गाडी थंड होईपर्यंत त्यांना धीर धरवला नाही. रागाच्या भरात प्लग काढला. ठिणगी झक्क पडत होती. फिल्टर पाहिला, तर कोरडा ठणठणीत. टाकी कालच काठोकाठ भरलेली, मग पेट्रोल गेलं कुठे? ते तणतणत मागे गेले आणि टाकीचं टोपण फिरवलं.

सूंऽऽ करून हवा आत शिरली.

टोपणाखाली टाकीच्या तोंडावर दुधाची रिकामी पिशवी होती. दुहेरी घडी घालून, रबराने करकचून बांधलेली. खुशालरावांना क्षणात सगळं उमगलं. टोपणाच्या बारीक भोकातून हवा आत जायला वाटच नव्हती. पेट्रोल ओढून ओढून टाकी आतून आवळली जात होती, पेट्रोल पुढे सरकत नव्हतं आणि थांबलं की कुठून तरी जराशी हवा झिरपत होती. उन्हाचा, तापलेल्या इंजिनाचा काही संबंधच नव्हता.

पिशवी मुठीत धरून ते ओरडले, "हे कोनं बांधलं?"

"मीनं," दुर्गाबाई खाली मान घालून म्हणाल्या. "निघतानी बांधतो अन् घरी गेलं का काढून ठेवतो. पेट्रोलचा वास आला का मले ओकारी येते. मांगच्या साली शीटवर ओकली, तं दिवाळीवरी तुमी मले पोरीकडे नेलं नाई."