गोल कोपऱ्यांच्या चौकटी

स्फाक्स शहराच्या विद्यापीठात तरुण सहकारी रऊधाचं कौतुक झालं की प्राध्यापक लमजेदच्या पोटात दुखायचं. ऑलिव्हच्या घाण्यांत काम कसकसं पुढे सरकतं, याचे चौकटी-बाणांचे नकाशे दोघंही काढत; टाळ्या मात्र तिलाच. एकदा लेखकाचं नाव झाकलेला शोधनिबंध त्याच्याकडे तपासायला आला. पहिल्याच पानावरच्या गोल कोपऱ्यांच्या चौकटींवरून त्यानं तिचा हात ओळखला. पान न उलटताच शेरा मारला, "नवीन काही नाही. नाकारावा."

महिन्याभरानं रऊधा पडलेल्या चेहऱ्यानं दारात उभी. "निबंध फेटाळला, सर."

"अरेरे," तो कॉफी ढवळत म्हणाला. "विषय काय होता?"

 

"तुमचा जुना नकाशा. सगळे हसले होते ना त्याला? तोच बरोबर होता, हे सिद्ध केलं होतं मी."