सावकाश वाच

आजोबा हसतच आत आले. "बोला मॅडम," म्हणाले आणि समोरची खुर्ची ओढून बसले.

पन्नाशीही न गाठलेल्या या माणसाला अख्खा मजला आजोबा म्हणायचा. बाकीचे सगळे विशी-पंचविशीतले, त्याला इलाज नव्हता. टेबलापलीकडे ताठ बसलेल्या मॅनेजरला ती नवीन लागली तेव्हा कोड लिहायला यांनीच शिकवलं होतं. ती मॅनेजर झाल्यापासून ते तिला मॅडम म्हणायचे, तेही डोळे मिचकावून.

"आपल्यासोबत एचआरही आहे," ती म्हणाली आणि तिने लॅपटॉप थोडा वळवला. पडद्यावर एक काळा चौकोन होता. कॅमेरा बंद, माइक बंद.

आजोबांनी चौकोनाला नमस्कार केला. चौकोन काळाच राहिला. त्यांचं हसू हळूहळू ओसरलं.

"कंपनीच्या नव्या रचनेत तुमचं पद राहणार नाही," ती चौकोनाशेजारी उघडलेला मजकूर वाचू लागली. "हा निर्णय तुमच्या कामाबद्दल नाही. तुमच्या योगदानाची कंपनीला पूर्ण जाणीव आहे. आजपासून आपल्या…" ती एका दमात वाचत सुटली होती. शब्द एकमेकांच्या पायात येत होते.

"थांब," आजोबा म्हणाले. मॅडम गेलं आणि 'तू' आलं. "हे तू लिहिलंस?"

"नाही."

"वाटलंच. कामाबद्दल नाही, तर मग कशाबद्दल आहे?"

तिने पडद्यावर वरखाली शोधलं. या प्रश्नाचं उत्तर तिथं दिलेलं नव्हतं. माफी मागू नका, एवढं मात्र ठळक अक्षरांत होतं.

"राहू दे. माझं दाराचं कार्ड?"

"तुम्ही आत आलात तेव्हाच बंद झालं."

"तत्पर आहेत."

खोलीला चारी बाजूंनी काचा होत्या. मोठ्या साहेबांना मोकळेपणा आवडायचा, म्हणून कुठल्याच खोलीला पडदे नव्हते. बाहेर सगळे आपापल्या कामात डोकं खुपसून बसले होते आणि कुणाचीच बोटं चालत नव्हती.

"घरी काय सांगायचं," आजोबांनी विचारलं, "तेही लिहून दिलंय का त्यांनी?"

ती पुढे झुकली. "आजोबा, मी खरंच…"

चौकोनातला माइक सुरू झाला. कुणीतरी घसा खाकरला. माइक बंद झाला.

तिची नजर पुन्हा मजकुरावर गेली. टेबलावर पाण्याचा ग्लास होता, आजोबांसाठी ठेवलेला. त्यांनी तो तिच्यापुढे सरकवला. "पी."

ती प्यायली.

"आता पुन्हा वाच. सावकाश."

"कशाला?"

"अगं, माझ्यामागून आणखी असतील ना. मी जुना माणूस, मला तुझं तोंड बघूनच कळलं. एखादं पोरगं असेल, त्याला पहिल्या वाक्यालाच कानात दडे बसतील. पुढे तू कितीही वाच, त्याच्यापर्यंत काही पोचणार नाही. आणि पद राहणार नाही असलं काही म्हणू नकोस. नोकरी गेली म्हण. एकदा म्हटलंस की गप्प बस. फार जड जातं गप्प बसणं, पण बस. आणि वर बघ, तिकडे नको."

तिने पडद्यावरून नजर काढली. समोर पाहिलं.

"आजोबा, तुमची नोकरी गेली."

आणि ती गप्प बसली.

मघाशी वाचलेलं आत्ता कुठे आजोबांपर्यंत पोचलं. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा पुसला. काच केव्हाच स्वच्छ झाली होती. ते पुसतच राहिले. तिला काही बोलावंसं वाटत होतं, काहीही. ती बोलली नाही.

"असं," ते शेवटी म्हणाले. आवाज जरा बसला होता. "असंच सांग. पुढचं कोण?"

"सांगता येत नाही."

पण तिची नजर खिडकीशी बसलेल्या मुलीकडे गेली आणि लगेच परत आली. आजोबांनी ते पाहिलं. चष्मा लावला, उठले आणि दार हलकेच ओढून घेत बाहेर पडले.

चौकोनातून आवाज आला, "छान हाताळलंत. पुढचीला फोन करून बोलवून घ्या. आणि प्लीज, दिलंय तेवढंच वाचा."

तिने फोनकडे हात नेला. काचेतून दिसत होतं, आजोबा आपल्या जागेवर गेलेच नव्हते. खिडकीशी त्या मुलीच्या टेबलाला टेकून ते तिच्याशी काहीबाही बोलत होते. मुलगी मान मागे टाकून हसत होती. तिला कशाची कल्पनाच नव्हती.

मॅनेजरने लॅपटॉप मिटला. चौकोनातून पुन्हा येऊ लागलेला आवाज मध्येच तुटला. ती बाहेर आली आणि टेबलांच्या रांगेतून चालत निघाली. ती जसजशी पुढे गेली तसतशा दोन्ही बाजूंच्या माना खाली जात राहिल्या.

तिला येताना पाहून मुलगी हसायची थांबली. तिने मॅनेजरकडे पाहिलं, मग आजोबांकडे.

"काय झालं?"

"ही सांगेल," आजोबा म्हणाले. "चल, तिघं खाली जाऊ. हिला जमतं आता."