दहा मिनिटं नुसतं ऐकायचं

सगळ्यांना डोळे मिटायला सांगून सुनेत्राताईंनी स्वतःचा एक डोळा उघडा ठेवला. लॅपटॉपवर आठ चौकटी, आठ शांत बायका. "दहा मिनिटं जे कानावर पडेल ते नुसतं ऐकायचं," एवढं सांगून त्याही गप्प झाल्या होत्या. मनात मात्र एकच घोळत होतं. यातल्या उद्या किती जणी येतील?

ध्यानाचा आजचा वर्ग मोफत होता, उद्यापासून फी. "आई, फुकट आहे तोवर येतील," असं लेक अमोघ सकाळीच फोनवर म्हणाला होता. पोरगा गुणाचा, पण जीभ तिखट. तेहतीस वर्षं शाळेत चाळीस-चाळीस पोरांना गप्प बसवणाऱ्या बाईंचं निवृत्तीनंतर अकोट्याच्या फ्लॅटमध्ये कुणी ऐकेना. घर खायला उठायचं. हा वर्ग चालला नाही तर पुन्हा दिवसभर भिंतींशी बोलत बसायचं.

पण रंग चांगला दिसत होता. रावपुऱ्याच्या निरुपमाबेन बोटांवर श्वास मोजत होत्या. गोरव्याच्या दुर्गाताईंच्या कपाळावर आठ्या चढत होत्या. आत दबलेलं काहीतरी वर येतंय, हे सुनेत्राताईंनी लगेच ओळखलं. कोमल तर ओठ चावत होती. पहिल्याच दिवशी एवढी तल्लीनता म्हणजे कमालच. ताई स्वतःवर खूश झाल्या. उद्या काय शिकवायचं, परवा काय, पार दिवाळीपर्यंतचं आखून झालं.

वेळ संपली. ताईंनी मवाळ आवाजात विचारलं, "बोला, काय ऐकू आलं?"

"अकरा शिट्ट्या," निरुपमाबेन घाईघाईने म्हणाल्या. "आधी तुमचा कुकर बंद करा ने, बेन."

ताई स्वयंपाकघरात धावल्या. परत आल्या तेव्हा करपल्या डाळीचा वास घरभर झाला होता आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. आता लपवायचं तरी काय?

"मला एकही ऐकू आली नाही," त्या म्हणाल्या. "माझं सगळं लक्ष तुम्ही उद्या याल की नाही, इकडेच होतं." बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले.

मग दुर्गाताई खाकरल्या. "खरं सांगू? माझं मन वीस वर्षांत एका जागी दहा मिनिटं टिकलं नव्हतं. आज तुमच्या शिट्ट्यांवर टिकलं."

बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

"मग उद्या किती वाजता?" निरुपमाबेननी विचारलं. "आणि उद्याही गॅसवर कुकर ठेवाल ने?"